जवळ जाता यावं म्हणून

(पिंपळनेर येथे, घरी किंवा वृद्धाश्रमात ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या महिला आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या विषयाला 'वैयक्तिक शुश्रूषा आणि संसर्ग प्रतिबंध' असं भारदस्त नाव दिलंय. साध्या भाषेत सांगते. एखादं म्हातारं माणूस स्वतः उठून संडासला जाऊ शकत नाही, आंघोळ करू शकत नाही, दात घासू शकत नाही. त्याचं हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. ते करताना आपल्यामुळे त्याला रोग लागू नये, त्याच्यामुळे आपल्याला लागू नये आणि आपल्या हातून तिसऱ्याकडे जाऊ नये, एवढाच हा विषय आहे. लघवी, शौच, बेडसोअर, खरूज हे शब्द आपण सभेत उच्चारत नाही. आज उच्चारू. मी परिचारिका म्हणून आयुष्यभर वॉर्डात काम केलं. निवृत्तीनंतर घरी आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायकांना शिकवते. त्यामुळे मला या शब्दांची लाज उरलेली नाही, तुम्हीही थोडा वेळ ती बाजूला ठेवा.

इंग्लंड-अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांचं राहण्याचं ठिकाण. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा नाहीतर ऑपरेशनचा खासगी दवाखाना डोळ्यासमोर येतो. मग आपल्याकडची ती परावलंबी माणसं कुठे आहेत? बहुतेक घरातच आहेत. पिंपळनेरची, साक्रीची, आसपासच्या पाड्यांवरची तरुण मुलं सुरतला, नाशिकला, पुण्याला कामाला गेली. मागे राहिली दादी, आजी, लकवा मारलेले अब्बा, आणि त्यांचं सगळं करणारी एक सून किंवा लेक. ज्यांना परवडतं ते पगारी बाई ठेवतात. ज्यांचं कुणीच नाही ते वृद्धाश्रमात जातात. म्हणजे आपल्याकडे नर्सिंग होम एकाच इमारतीत नाही, ते हजारो खोल्यांत विखुरलेलं आहे. त्या खोल्यांत काम करणाऱ्या बाईला बहुतेक वेळा कुणीच काही शिकवलेलं नसतं.

खानदेशाला हा विषय नवा नाही. जून २०२० ची जळगावची घटना आठवा. कोरोनाची लागण झालेली ८२ वर्षांची एक आजी जिल्हा रुग्णालयात दाखल होती. २ जूनपासून ती वॉर्डात दिसेनाशी झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत तक्रार झाली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. आठ दिवस. नंतर अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. ते प्रशासनाचं काम होतं. मी एक परिचारिका म्हणून त्या बातमीकडे पाहते तेव्हा मला वेगळंच दिसतं. ८२ वर्षांच्या आजारी बाईला संडासला नेताना बरोबर कुणीतरी असायला हवं, ही शुश्रूषेची पहिली ओळ आहे. ज्या वॉर्डात ती ओळ पाळली जाते, तिथे आजी नाहीशी झाल्याचं पाच मिनिटांत कळतं.

आता दुसरी घटना. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात, खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाल्याचं उघड झालं. त्यांतल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते. एका छताखाली राहणारी, एकाच पंगतीत जेवणारी, त्याच मोजक्या माणसांच्या हातून आंघोळ-औषध घेणारी माणसं. अशा ठिकाणी एकाला झालं की सगळ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

या दोन घटना मी शेजारी शेजारी का ठेवते? काळजी दोन बाजूंनी बिघडते. कधी आपण तयारी न करता जवळ जातो आणि रोग वाटत फिरतो. कधी भीतीने जवळच जात नाही आणि माणूस एकटं मरतं. संसर्ग रोखणं म्हणजे लांब राहणं असा समज कोरोनाने आपल्या डोक्यात घट्ट बसवला. मला आज तोच समज काढायचा आहे. हात धुणं, हातमोजे, स्वच्छ कपडा, वेगळं भांडं ही सगळी तयारी कशासाठी? निर्धास्तपणे जवळ जाता यावं म्हणून. ज्या बाईला ही तयारी येते ती म्हाताऱ्या माणसाला हात लावायला घाबरत नाही.

संसर्ग आणि भीती यांचं नातं आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. २०२० च्या एप्रिलमध्ये रोगाला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेतली जात होती. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. पण आपणही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या घरात आजाऱ्याचं शी-शू काढणाऱ्या बाईला आपण कुठल्या कपात चहा देतो? तिचा कप वेगळा ठेवतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो. ती स्वच्छता नाही, ती शिवाशिव आहे. जंतू जात बघत नाही, धर्म बघत नाही. तो फक्त हात धुतलेत की नाही एवढंच बघतो.

हाताचं महत्त्व जगाला कसं कळलं ते थोडक्यात सांगते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाईस नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. सेमेलवाईसच्या लक्षात आलं की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरातल्या अठराहून जास्त बायका दगावत होत्या. काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. तरी त्याच्या सहकाऱ्यांना ते पटायला फार काळ लागला, कारण 'तुमच्याच हातांनी रोग पसरतो' हे शिकलेल्या माणसाला ऐकवत नाही. आजही ऐकवत नाही.

आता आपल्या वृद्धाश्रमातली सकाळ डोळ्यासमोर आणा. मी पाहिलेल्या एका ठिकाणचं सांगते, नाव घेत नाही. वीसेक माणसं, सकाळच्या पाळीला एक बाई. ती पहिल्या पलंगावरच्या आजीला 'कशी शे माय?' असं प्रेमाने विचारते, तिचा ओला कपडा बदलते, तोच हात पदराला पुसते, दुसऱ्या आजीचे दात घासून देते, तिसऱ्या बाबांची लघवीची पिशवी रिकामी करते, मग सगळ्यांना चहा-बिस्किट देते. एक बादली, एक मग, अंग पुसायला दोन टॉवेल. तिच्या मनात माया भरपूर आहे. पण पहिल्या पलंगावरचे जंतू चहापर्यंत तिसऱ्या पलंगावर पोहोचलेले असतात. यात त्या बाईला दोष देऊन भागत नाही. वीस माणसांना एक बाई, साबण कुलूपबंद कपाटात आणि बेसिन व्हरांड्याच्या टोकाला असेल, तर दुसरं काय होणार?

आपल्या घरात एक वेगळी अडचण असते. आपण पाकी-नापाकीबद्दल फार जागरूक असतो. लोटा, बधना, वुजू, गुस्ल, सगळं लहानपणापासून शिकवलेलं असतं. ही सवय चांगली आहे, तिचा उपयोग करून घेऊ. पण दोन गोष्टींत गल्लत नको. पाक होण्याचा नियम वेगळा आणि जंतू जाण्याचा नियम वेगळा. नुसतं पाणी तीनदा ओतलं की मन समाधानी होतं, पण जंतू चिकटून राहतात. शौच धुतल्यावर साबण लागतोच. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा, मनगट सगळं चोळून, धुऊन, कोरडं करून ४० ते ६० सेकंद लागतात. हात ओला ठेवू नका, ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि लवकर सुटतात.

कुणीतरी विचारेल, सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, ते चालतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेची मार्गदर्शिका काढली, तिच्यात या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा आहे. सौदी अरेबियाच्या रुग्णालयांत अल्कोहोलचं सॅनिटायझर वापरतात. औषध म्हणून हाताला चोळणं आणि पिणं यांत फरक आहे. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तर सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद चोळणं पुरतं. पण हाताला शौच, रक्त, थुंकी लागली असेल किंवा घरात जुलाबाची साथ असेल, तर साबण आणि पाणीच. जुलाब करणारे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

हात कधी धुवायचे? त्याच मार्गदर्शिकेत पाच वेळा सांगितल्या आहेत. माणसाला हात लावण्याआधी. जखम, नळी, तोंड यांचं काम करण्याआधी. शौच-लघवी-रक्ताशी संबंध आल्यावर. माणसाला हात लावून झाल्यावर. आणि त्याच्या पलंगाला, चादरीला, टेबलाला हात लावल्यावर. आपण साधारण तिसऱ्या वेळी धुतो, कारण तेव्हा घाण दिसते. पहिल्या दोन वेळा विसरतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचवणाऱ्या वेळा त्याच आहेत.

तुम्ही म्हणाल, ताई, उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. खरं आहे. म्हणून पलंगाच्या पायथ्याशी तोटीची कॅन, खाली एक बादली आणि बाजूला साबण ठेवा. साबण पलंगाजवळ असला की वापरला जातो. मोरीत असला की राहतो. ही शंभर-दोनशे रुपयांची व्यवस्था आहे आणि तिने बरंच साधतं.

आता हातमोजे. हातमोजा म्हणजे दुसरी कातडी, आणि ती कातडीही घाण होते. एकच जोड घालून पाच जणांचं केलं तर हात उघडे असण्यापेक्षा वाईट, कारण बाईला वाटतं आपण सुरक्षित आहोत. एका माणसाला एक जोड. त्या एका माणसाचंही शौचाचं काम झाल्यावर तोंडाच्या कामाला नवा जोड. आणि मोजा काढला की हात धुवायचे. मोजा धुऊन वाळत घालू नका.

कामाचा क्रम लक्षात ठेवा: स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. अंग पुसताना आधी डोळे आणि चेहरा, मग हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि शेवटी खालचा भाग. खालच्या भागासाठी पाणी आणि कपडा वेगळा. बायकांची स्वच्छता करताना नेहमी पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही. शौचातले जंतू लघवीच्या मार्गात गेले की ताप येतो, म्हातारं माणूस बडबडायला लागतं, आणि घरचे म्हणतात 'दादीला भ्रम झाला' किंवा 'वारं लागलं'. अचानक बडबड, जास्त झोप, जेवण टाकणं दिसलं तर झाडफूक करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

लघवीची नळी असेल तर चार गोष्टी. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. नळीला पीळ नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, प्रत्येक माणसाचं भांडं वेगळं. आणि नळी उगाच पिशवीपासून सुटी करायची नाही. जिथे नळी शरीरात जाते तो भाग रोज साबण-पाण्याने धुवायचा. आणि डॉक्टरांना दर वेळी विचारायचं की ही नळी अजून लागते का? चादर ओली होऊ नये एवढ्याच कारणासाठी ठेवलेली नळी संसर्गाला आमंत्रण देते.

तोंडाकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. ज्याचे दात गेले त्याला दात घासायची काय गरज, असं वाटतं. पण तोंडातले जंतू गिळताना फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड रोज नीट स्वच्छ केलं जात होतं त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के जणांना झाला, बाकीच्यांत १९ टक्के जणांना. जेवणानंतर मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेला ओला स्वच्छ कपडा हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवा. माणसाला बसवून करा, आडवं ठेवून नाही. कवळी रात्री काढून, धुऊन, नाव लिहिलेल्या डबीत. वृद्धाश्रमात सगळ्यांच्या कवळ्या एकाच वाटीत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

तसाच वस्तरा. महिन्यातून एकदा न्हावी वृद्धाश्रमात येतो आणि एका ब्लेडवर चार-सहा बाबांची दाढी करतो. यातून हिपॅटायटिस बी जाऊ शकतो. ब्लेड प्रत्येकाला नवं. साखर तपासायची सुईसुद्धा प्रत्येकाला नवी, आणि टोचायचं पेनही प्रत्येकाचं वेगळं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका वृद्धनिवासात २०१० साली साखर तपासायचं साहित्य अनेकांना मिळून वापरलं गेलं. आठ जणांना हिपॅटायटिस बी झाला, त्यातले सहा दगावले. सुई लहान दिसते म्हणून धोका लहान नसतो.

खरजेबद्दल बोलायलाच हवं, कारण ती आपल्याकडे घराघरांत आहे आणि सगळे लपवतात. खरूज किड्यामुळे होते, पापामुळे नाही आणि नुसत्या अस्वच्छतेमुळेही नाही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ज्याला खाज नाही तोही देत असतो. म्हणून एकट्या आजीला मलम लावून उपयोग नाही. घरातल्या, किंवा वृद्धाश्रमात त्या खोलीतल्या सगळ्यांनी आणि काळजी घेणाऱ्या बाईनेही, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम एकाच रात्री लावायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. डॉक्टर सांगतील तसं पुन्हा लावायचं. त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला. खानदेशातलं ऊन फुकट आहे, त्याचा वापर करा.

जमिनीवर शौच किंवा रक्त सांडलं तर आधी कागदाने-चिंधीने उचला, मग औषध टाका. बाजारात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट मिळतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, हे द्रावण दहा मिनिटं राहू द्या. रोजच्या पुसण्याला एक भाग आणि पाणी ४९ भाग. बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या, द्रावण रोज ताजं करा. आणि संडासच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

हे झालं तंत्र. आता शरमेबद्दल. पुष्कळ आजी परक्याच्या हातून अंग धुऊन घ्यायला नकार देतात, बाबा लोक तरुण बाईसमोर कपडा बदलू देत नाहीत. मग ते चार-चार तास ओल्यात पडून राहतात. कातडी मऊ पडते, फाटते, बेडसोअर होतो, त्यात जंतू जातात. म्हणजे शरम हाही संसर्गाचा एक रस्ता आहे. यावर ओरडणं हा उपाय नाही. दार लावा, पडदा ओढा, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवून बाकीचं चादरीने झाका. हात लावण्याआधी सांगा, 'दादी, आता पाय पुसते.' जमेल तिथे बाईला बाई, पुरुषाला पुरुष द्या. आणि मुलांनो, तुम्हाला सांगते, अब्बांचं करायला बायकोच का? तुम्ही का नाही? ज्या घरात मुलगा बापाची पाठ धुतो तिथे निम्मी शरम आपोआप मिटते, आणि त्या सुनेला रात्री दोन तास झोप मिळते. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. ते एकटीच्या अंगावर टाकून कसं चालेल?

काळजी घेणाऱ्या बाईबद्दल आपण फार गोड बोलतो. सेवा, सवाब, पुण्य, त्याग. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. आपण त्यांच्यापुढे मान झुकवतो, झुकवलीच पाहिजे. पण ध्यानात घ्या, उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं. सावित्रीबाईंना स्वतःला वाचवण्याचं ज्ञान त्या काळात कुणी देऊच शकत नव्हतं. आज ते ज्ञान आपल्याकडे आहे. आज मोजे, साबण, लस न देता एखाद्या बाईला सेवेला जुंपलं आणि ती आजारी पडली, तर त्याला त्याग म्हणू नका. ती आपली हयगय आहे.

तिच्या रजेचाही प्रश्न आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलँड इथल्या एका नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाची मोठी साथ आली. तपासात दोन कारणं पुढे आली: आजारी असताना कामावर आलेले कर्मचारी, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करणारे कर्मचारी. ते कामावर का आले असतील हे इथे बसलेल्या प्रत्येक बाईला कळतं. दिवस भरला नाही तर पैसे नाहीत. आपल्याकडची बाईही सकाळी एक घर, दुपारी दुसरं घर करते. तिला ताप-जुलाब असताना पगारी सुट्टी देणं हा उपकार नाही, तो संसर्ग रोखण्याचाच उपाय आहे. तिला हिपॅटायटिस बी ची लस मिळाली पाहिजे. ज्या बायका आणि पुरुष आपल्या वस्तीत मय्यतीला गुस्ल देतात त्यांनाही ही लस आणि हातमोजे मिळाले पाहिजेत. जमातच्या पैशातून मिनार उंच होतो, मग मोज्यांचा डबा का येऊ नये?

आता व्यवस्थेकडे. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागांना तो लागू आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमात गरीब ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांचा वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल असं म्हटलंय. २० व्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा आणि वेगळ्या रांगांची गोष्ट आहे. वृद्धाश्रमाला भेट देणारे पाहुणे फळं वाटतात, फोटो काढतात. पुढच्या वेळी फळांबरोबर चार प्रश्न घेऊन जा. सकाळच्या पाळीला किती माणसांमागे किती कर्मचारी? प्रत्येक खोलीत साबण आहे का? टॉवेल आणि ब्लेड प्रत्येकाचं वेगळं आहे का? कर्मचाऱ्यांना आजारपणात पगारी सुट्टी आहे का? मोठ्याने, चांगल्या शब्दांत विचारा. दर महिन्याला विचारा. विचारणारी माणसं येतात हे कळलं की साबण कपाटातून बाहेर येतो.

पिंपळनेरसाठी माझी मागणी छोटी आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी पलंगावर पडलेलं माणूस आहे त्यांनी आज जाताना नाव लिहून द्यावं. नाव फक्त आमच्या वहीत राहील. दर पंधरवड्याला आम्ही दोघी-तिघी येऊ, आणि चार-पाच घरच्या बायकांना एकत्र बसवून नळी, तोंड, कूस बदलणं, हात धुणं हे करून दाखवू. मुस्लिम वस्ती, आदिवासी पाडा, मराठा गल्ली असं वेगळं काही ठेवायचं नाही. तरुण मुलांनी तोटीच्या कॅन, साबण आणि मोजे यांचा एक साठा उभा करावा, ज्याला लागेल त्याने न लाजता न्यावा. तीन आठवड्यांहून जुनी जखम, ताप, अचानक भ्रम, दोन आठवड्यांहून जास्त खोकला यांपैकी काही असेल तर आम्ही बरोबर येऊ आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा धुळ्याला दाखवू. जुन्या खोकल्यात टीबीची तपासणी मोफत होते, औषधही मोफत मिळतं.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न विचारा. जे सगळ्यांसमोर विचारता येत नाहीत ते विचारायला मी मागच्या खोलीत थांबते, आणि हात कसे धुवायचे ते तिथे प्रत्येकीकडून एकदा करून घेते.